देशमुखीणबाईंचा समुद्र

निजामाच्या मुलखात सगळं होतं, समुद्र तेवढा नव्हता. लीलाबाईंना तो एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. म्हणून पाथरीचे अप्पाराव देशमुख त्यांना मोटारीनं कारवारपासून मलबारपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्यानं आणि दाट जंगलांतून, महिनाभर निवांत फिरवून घेऊन आले.

परतल्यावर ओसरीवर माणसं जमली. "बायकोची हौस पुरवावी तर तुमीच, देशमुख," बन्सीधर वकील म्हणाले. अप्पाराव सुखावले.

आत शेजारच्या कडूबाईनं विचारलं, "बाईसाहेब, समिंदर कसा असतो वो?"

"लय गाजतो, कडूबाई. वारा खारट लागतो. अन् जंगलात पाखरं दिवसभर गप्प म्हणून बसत न्हाईत."

"आन् रंग कसा हाय समिंदराचा?"

लीलाबाई उठून दाराशी आल्या. मग दाराआडून त्यांनी अगदी साधेपणानं ओसरीवर विचारलं, "अहो, ही कडूबाई विचारायलीय, समुद्राचा रंग कसा होता?"

ओसरीवरच्या सगळ्या माना अप्पारावांकडे वळल्या. अप्पारावांनी घाईनं पानाचा डबा वकिलांपुढं सरकवला.



देशमुखांच्या बाईवर परक्याची नजर पडू नये, म्हणून निघण्याआधी मोटारीला चारी बाजूंनी जाड पडदे अप्पारावांनीच शिवून घेतले होते.