खालच्या खोलीतला बास

“ते जेवले का?” आईने विचारलं.

“जेवले की. आणखी मागून घेतलं,” लेकीने थाप मारली आणि चमचा पुढे केला. आईने तोंड फिरवलं.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. सकाळी ते खालच्या खोलीत, रियाज करता करता जिथे आडवे व्हायचे त्या पलंगावर, गार पडलेले सापडले. लेक आईला सांगायला वर धावली, तर आई न्हाणीच्या दारात कोसळलेली. बाबांचं हृदय बंद पडलं होतं, आईचं कसंबसं चालू होतं. “आणखी एक धक्का बसला तर हातच्या जातील,” डॉक्टरांनी बजावलं. लेकीने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही तोंडाला कुलूप लावलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईने नवऱ्याची चौकशीच केली नाही. लेकच अवघडून म्हणाली, “बाबांचा पाय सुजलाय गं. जिना चढवत नाही, म्हणून खालीच असतात.” आई तिच्याकडे बघतच राहिली. हिला पटलेलं नाही, हे लेकीने ओळखलं. ती खाली गेली, कोपऱ्यातला बाबांचा डबल बास, माणसाएवढं ते व्हायोलिनसारखं वाद्य, उभा केला आणि तारेवर गज ओढला.

बाबा वाद्यवृंदात मागच्या रांगेत बास वाजवायचे. पुढच्यांनी मिरवायचं, यांनी खालून सगळ्यांना तोलून धरायचं. “आम्ही थांबलो की मग लोकांना कळतं आम्ही होतो,” असं ते म्हणत. घरात मात्र त्यांना मागची रांग चालत नसे. त्यांचा आवाज चढला की आई कपबश्यासुद्धा श्वास रोखून ठेवायची. पण कुठल्या घरात भांड्याला भांडं लागत नाही, असं लेक स्वतःला समजावत आली होती.

त्यांचा रियाज म्हणजे एक जाड तार आणि एक लांबलचक सूर, पुन्हा पुन्हा. व्हायोलिन असतं तर लेकीचं पितळ पहिल्याच फटक्यात उघडं पडलं असतं. बासने तिला सांभाळून घेतलं, लहानपणी बाबांनी शिकवलेलं तेवढं पुरलं. हा सूर कानाआधी पायांना कळतो. तो भिंतीतून वर चढायचा आणि आईची खाट बारीक थरथरायची.

रोज संध्याकाळी हे चाले. वाजवून वर आलं की आई टक्क जागी दिसे, चादर मुठीत घट्ट धरलेली. किती जीव आहे हिचा त्यांच्यावर, असं वाटून लेकीला भरून येई.

“दाराला कडी लाव,” आई म्हणे.

“वारा लागतो का?”

“लाव म्हणते ना.” मग जरा वेळाने, “जिना चढता येत नाही ना त्यांना? नक्की?”

“सूज उतरतेय गं. बरं वाटलं की आधी तुझ्याकडेच येतील बघ.”

आई भिंतीकडे तोंड करून पडून राही.

अन्न तुटलं, झोप तुटली. डॉक्टर चक्रावले. “औषधं लागू पडायला हवी होती. मन रमेल असं काहीतरी करा,” ते म्हणाले. लेकीने दुपारचाही रियाज सुरू केला. बोटांना फोड आले, पण आई जगायला हवी होती. तिला आता दुसरं होतंच कोण?

शेवटी डॉक्टरांनी बॅग बंद केली आणि नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं. लेक खाटेवर येऊन बसली. रडू आवरत ती म्हणाली, “आई, बाबांना सांगू का वाजवायला? फक्त तुझ्यासाठी?”

आईने तिचं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात कुठून आला कोण जाणे.

“त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

“अगं, बाबाच तर आहेत.”

“बाबा नाहीत ते. त्यांच्या दुधात मीच गोळ्या कालवल्या, बाळा. श्वास थांबेपर्यंत उशाशी बसून होते मी. मग खाली रोज कोण वाजवतंय?”