पाठीवरची गाठ

गाठ बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध होती. वरून हात घातला तर बोटं वीतभर अलीकडे राहत, खालून घातला तर मनगट पिरगळे. सासू कापडाच्या गोदामात गठ्ठे बांधायची. तिची गाठ हमालांना दात लावूनही सुटत नसे, तिथे सुनेची काय कथा.

छातीशी झोळीत पाच महिन्यांचं बाळ. झोळी म्हणजे मांजरपाटाचा लांबच लांब पट्टा, नवऱ्याच्या बाळपणीचा. धुऊन धुऊन मऊ झालेला. पोटापाशी एक आडवा तांबूस डाग, कशानेच न गेलेला. दुपारपाळीला निघताना सासू सुनेला उभी करी, बाळ तिच्या छातीशी लावी, पट्टा खांद्यांवरून फिरवी आणि मागे गाठ आवळताना गुणगुणे:

जीवाला या जीव, बांधिते मी घट्ट
नको करू हट्ट, सुटायाचा

मग दिवेलागणीपर्यंत आई आणि बाळ एकच. बाळाला झोप आली तर आपणही बसल्या बसल्या पेंगायचं. डोक्यावरून काढावं तर बाळाची मान ओढली जाई. दावणीच्या गाईचंसुद्धा दावं लांब असतं, तिला वाटायचं.

बाळंतपणानंतर त्या घरानेच जणू तिच्यावर डोळा ठेवला होता. ती संध्याकाळी गॅलरीत तासन्‌तास खाली बघत उभी राहायची. एक दिवस गॅलरीला कुलूप लागलं. कबुतरं घाण करतात, सासू म्हणाली. कात्री रोज सासूच्या पिशवीतून गोदामात जाऊ लागली. तिकडची बोथट झालीय म्हणे. सून घरी शर्टांना बटणं लावायची, ती आता धागा दातांनी तोडू लागली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. फोनवर त्याला सांगून पाहिलं तर तो हसला. आईपुढे माझंच काही चालत नाही, म्हणाला, तू तर काल आलेली.

रडू यायचं, तेही येईनासं झालं. बाळ हसे ते तिला दिसे, पण काचेपलीकडून कुणी हसावं तसं.

त्या दुपारी खोली अंगावर आली. भिंती जवळ सरकल्यासारख्या झाल्या. हातातला शर्ट तसाच टाकून ती खाली इस्त्रीवालीकडे गेली. पाठ मोडली माझी, म्हणाली, तेवढी गाठ सैल करा. इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली, गाठीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

"तुझ्या सासूने बजावलंय, बाई. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा मी ही तापलेली इस्त्री गालाला लावून घेईन."

मग चहा घे म्हणाली. बस म्हणाली, जरा गप्पा मार. सून थांबली नाही.

गल्ली संपते तिथे कालव्याचा पूल. पुलाच्या तोंडाशी झाड, झाडाखाली बाक. बाळाला त्या बाकावर, सावलीत ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पुढचं तिने ठरवलं नव्हतं. किंवा ठरवलं होतं आणि स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ती गंजक्या लोखंडी कठड्याला टेकून वाकली. पाणी संथ होतं, दाट, हिरवं. बघता बघता कितीतरी दिवसांनी डोकं शांत झालं.

मग हात मागे गेले. पोचले नाहीत. वरून गेले, खालून गेले, पट्टा ओढता ओढता एक नख मोडलं. कठडा आणि आई यांच्यामध्ये दबलेलं बाळ जागं झालं. त्याने हनुवटीवर डोकं आपटलं, गळ्याशी तोंड नेलं आणि भुकेचा सूर लावला. तिच्या मनात काही हललं नाही. पण अंगाला कुणी विचारलंच नव्हतं. पान्हा फुटला, चोळी भिजली, आणि तिला बाकावर बसावं लागलं.

बाळ पीत होतं तोवर ती सासूला शिव्या घालत होती. घरी येईपर्यंत घालत होती.

सासू आली. चपला काढण्याआधी तिने सुनेला डोळे भरून पाहून घेतलं, रोज पाहायची तसं. मग पाठीमागे जाऊन गाठीला हात घातला.

"उद्यापासून मला बांधायचं नाही, आई," सून भिंतीकडे बघत म्हणाली. "मी तुमच्या गोदामातला गठ्ठा नाही. आज ही गाठ सुटली असती ना, तर..."

वाक्य तिथेच अडलं. पुढचे शब्द काय आहेत, ते तिला आत्ता कळलं. ती खाटेच्या कडेवर टेकली.

सासूच्या बोटांखाली गाठ नेहमीसारखी अलगद सुटली. बाळाला तिने खाटेवर ठेवलं, आणि घडी घालायला पट्टा दिव्याच्या उजेडात धरला. पोटापाशी गंजाची एक ताजी रेघ उमटली होती, पुलाच्या कठड्याची. तिच्या बोटभर वर तो जुना डाग होता. तसाच आडवा. तेवढाच लांब.

सून त्या दोन रेघांकडे बघत राहिली. सासूने वरच्या रेघेवर अंगठा ठेवला.

"ही माझी," ती म्हणाली. "माझाही हात पोचला नव्हता."