तृप्तात्म्याची वाट

“आत्या, आज तू कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचं नाहीस. आणि तोंड तर मुळीच उघडायचं नाहीस,” मालक म्हणाला.

“मग मी आलेय कशाला? हवा खायला?” आत्यानं पर्स काउंटरवर आपटली.

मालक तरी काय करणार! त्याचा जीव टांगणीला लागला होता. महिनाअखेर जागेचा करार संपत होता आणि शेजारचा चपलांचा दुकानदार ती जागा घ्यायला टपून बसला होता. एवढं चांगलं रेस्टॉरंट, पण दुपारी दोन टेबलं भरली तरी बायको म्हणायची, देव पावला. आता एकच आशा उरली होती. तृप्तात्मा.

हा तृप्तात्मा दर रविवारी पेपरात ‘आज कुठे जेवाल?’ हे सदर लिहायचा. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, तोंड कुणी पाहिलेलं नाही. पण त्यानं लिहावं, ‘पुलाजवळच्या सूपवाल्याकडे जा, फक्त वरून मीठ मागू नका, रागावतो,’ की सोमवारी पुलापर्यंत रांग. त्यानं लिहावं, ‘पोस्टासमोरच्या बाईंचा अ‍ॅपल पाय गरम असतानाच संपवा, गप्पा नंतर मारा,’ की बाईंना हाताखाली दोन माणसं ठेवावी लागली. सगळ्या गल्लीचं भलं केलं त्या बाबानं. आमच्या मालकाच्या दारातच तेवढी त्याची वाट चुकायची.

“कधी आलाच नाही, तर लिहिणार काय कप्पाळ? चवच कळत नसेल मेल्याला!” मालक दर रविवारी पेपर भिरकावायचा.

“मग वाचतोस कशाला?” आत्या विचारायची आणि पेपर उचलून नीट घडी घालायची.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत मुलांचे कान पिळले, आता निवृत्तीनंतर भाच्याचे पिळत होती. रोज जेवायला इथेच आणि रोज नाक मुरडणं ठरलेलं. सूप पाणचट, पाव वातड. चमचासुद्धा घरचा आणायची, कारण लोकांच्या चमच्यांना म्हणे साबणाचा वास येतो. त्या चमच्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. बुधवारी ती मैत्रिणींबरोबर बाहेर जायची. तेवढा एक दिवस मालक मोकळा श्वास घ्यायचा.

पुडिंगवर तर तिचा खास डोळा. “कॅरॅमल अजून जरा जळायला हवं होतं.” तो जाळायचा. दुसऱ्या दिवशी, “आज अंमळ जास्तच झालं.” अशी सहा वर्षं गेली. पुडिंग एकदाही पास झालं नाही.

आणि काल सूपवाल्यानं खबर आणली. पेपरच्या ऑफिसातला एक करड्या कोटवाला गल्लीत याच रेस्टॉरंटचा पत्ता विचारत होता.

“तृप्तात्माच तो! दुसरं कोण असणार?” मालकानं लगेच मोठ्या बेकरीतून चॉकलेटचा तीन मजली केक मागवला.

“अहो, आपलं पुडिंग असताना केक कशाला?” बायको म्हणाली.

“जे आत्याच्या घशाखाली उतरत नाही, ते तृप्तात्म्याच्या उतरेल? आत्यापुरतं एक कर, नाहीतर घर डोक्यावर घेईल.”

दुपारी करडा कोट खरंच आला. मालकानं त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन. नवल म्हणजे ती खरोखरच गप्प होती. पाहुण्यानं सूप घेतलं, भाजलेला मासा संपवला, पण चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ. मालक उगाचच शेजारचं टेबल पुसत राहिला.

“गोड काय आहे?” पाहुण्यानं विचारलं.

“केक आहे, साहेब! तीन मजली!”

“पुडिंग नाही?”

“नाही, आज नेमकं केलं नाही,” मालक म्हणाला.

तेवढ्यात मागून स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आत्या उठली. स्वतःची पुडिंगची बशी घेऊन ती तरातरा आली आणि पाहुण्यासमोर ठेवली. वर पर्समधला चमचा काढून त्याच्या हातात दिला.

“आत्या!” मालक ओरडला.

पाहुण्यानं एक घास घेतला. दुसरा घेताना डोळे मिटले. मग तो बशी खरवडू लागला.

मालकाला आता राहवेना. त्यानं सरळ हात जोडले. “साहेब, मी ओळखलंय तुम्हाला. आत्याचं वागणं मनावर घेऊ नका, तिला कधी काही आवडतच नाही. पण तुम्ही चार बरे शब्द लिहिलेत, तर माझी ही जागा वाचेल हो.”

“लिहिणार तर आहेच, त्याकरताच आलोय,” पाहुणा हसला. “पण मी तृप्तात्मा नव्हे. मी पेपरचा संपादक. तृप्तात्म्याचा एक हट्ट आहे, घरच्या माणसाच्या हॉटेलवर स्वतः लिहायचं नाही. म्हणून या खेपेला मला पिटाळलंय.”

“घरच्या माणसाच्या?” मालक गोंधळला. “कुणाच्या घरच्या?”

आत्यानं पाहुण्याच्या हातून आपला चमचा काढून घेतला आणि रुमालानं नीट पुसला.

“ते राहू द्या, साहेब. आधी सांगा, पुडिंग कसं होतं? सहा वर्षं नुसती खातेय मी, एक अक्षर लिहिता आलं नाही.”