हललेला फोटो

जयवंतकाकांनी काउंटरवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग एथेलच्या हातात दिलं. "नीट बघ. मॅथ्यूला कुठला पाठवायचा ते तूच सांग."

एथेलला दोन्ही सारखेच वाटले. पेटीत पपा, भोवती घरची माणसं. मरोळच्या त्यांच्या गावठाणात माती देण्याआधी असा फोटो काढायचाच, परदेशातल्या माणसाला पाठवायला. एक अंगणात काढलेला, एक घरात. फोटो कधीचे तयार होते. न्यायला ती महिन्याने आली होती. महिनाभर ती कामावर जात होती, जेवत होती, आईच्या डोक्याला तेल लावत होती, आणि तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

भाऊ मॅथ्यू बहारीनला. त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. 'पेट्रिशिया मावशीने कळवलंय, तू टिपूस काढलं नाहीस. खरं का?' उत्तर तिने दिलं नव्हतं. हो लिहायला हात धजत नव्हता आणि नाही लिहिलं तर ते खोटं झालं असतं.

"तोंडं आधी नको बघू," काका म्हणाले. गिऱ्हाइकाला फोटो बघायला शिकवायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यापायी अंधेरीतली निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या रंगीत फोटोवाल्याकडे गेली होती. "तोंडं लोक फोटोसाठी करतात. आधी हात बघ. मग कडा. तोंडं शेवटी."

तिने हात बघितले. आईची बोटं पेटीच्या कडेवर, नखंसुद्धा दिसत होती. पेट्रिशिया मावशीचा रुमाल अंगणात उजव्या डोळ्याला, घरातही उजव्याच डोळ्याला. घडी तश्शी. एथेलने भिंग दोनदा इकडून तिकडे नेलं.

"दिसलं ना? रडणाऱ्याच्या रुमालाची घडी राहत नाही. तिला सांगू नकोस हां. तिच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर माझ्याकडे आहे."

एथेलला हसू आलं नाही. ती कडा बघायला लागली. अंगणातल्या फोटोत डाव्या कडेला ती स्वतः होती. नाक, कान, सगळं स्वच्छ. कोरडे डोळे सरळ कॅमेऱ्यात. मावशीने काही खोटं लिहिलं नव्हतं.

घरातल्या फोटोत त्याच जागी काहीतरी काळं, कडांना विरलेलं, आणि वर धुरकट पट्टा.

"हा डाग कसला?"

"डाग नाय, तू आहेस. हललीस. म्हणून तो बादच धरलाय मी. आत उजेड कमी आणि फ्लॅश मारला की गेलेला माणूस पांढराफटक येतो. म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून एक सेकंद उघडा ठेवतो. श्वास धरा म्हणून ओरडलो होतो मी."

"मी नाही हलले."

"सगळे असंच म्हणतात."

"खरंच, काका. पपांच्या बुटांकडे बघत होते मी. दगडासारखी उभी होते."

काकांनी भिंग काढून घेतलं आणि ते फोटोवर वाकले.

"मान वळवली असतीस तर नुसती मान गेली असती," ते म्हणाले. "हात उचलला असतास तर हात. इथे फ्रॉकची किनारपण नाय राहिली. थरथरत होतीस गो तू. उभीच्या उभी."

एथेलने फोटो पुन्हा जवळ ओढला. रडणारी सगळी माणसं सेकंदभर रडायची थांबली होती, म्हणून स्वच्छ आली होती. ती जरा वेळ वाट बघत राहिली, पण आत्ताही तिला काहीच वाटलं नाही.

"हा द्या," ती म्हणाली.

"अगं, अंगणातला झकास आलाय. ह्यात तुला तोंड नाय. बघणारा म्हणेल, जयवंतने वाट लावली."

"मग तुमचा शिक्का नका मारू."

काकांनी फोटो पालथा केला. शाईची डबी उघडली, मिटली, परत उघडली. मग फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का मारला आणि वर दोनदा फुंकर घातली.

शाई वाळेपर्यंत एथेल थांबली. मग त्यांचंच पेन मागून घेऊन तिने शिक्क्याखाली लिहिलं, 'डावीकडून पहिली मी.'