अडतीसचा जिना

"एक्स बरोबर अडतीस. म्हणजे जिना जमिनीशी अडतीस अंश आणि भिंतीशी बावन्न," लेक म्हणाली. "दोन कोनांत फरक चौदाचा, बेरीज नव्वद. कोटिकोन. पेपरात हमखास येतं, बाबा."

बाबा सुतार. अडतीस ऐकलं आणि त्याचं तोंड कडू झालं. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या भावानं घरच्या जिन्याचा नकाशा काढला होता, त्यावर अडतीसच लिहिलं होतं. यानं तसाच कापला. जिना भलताच उभा झाला. महिनाभरात आई त्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या अंथरुणातून ती पुन्हा उठलीच नाही. ती गेल्यावर चार माणसांत यानं भावाला धारेवर धरलं. भाऊ मान खाली घालून बसला. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून यानं त्याच्याशी बोलणं तोडलं ते तोडलंच.

"तुझ्या पुस्तकाला काय कळतंय? अडतीसचा जिना केवढा उभा असतो ते मला विचार," तो म्हणाला. कापायच्या मशीनवर त्यानं अडतीस लावलं, एक फळी कापली आणि तिचं कापलेलं टोक जमिनीला सपाट टेकवून ती तिरकी उभी धरली.

लेकीनं कोनमापक लावला. "हे तर बावन्न आहे, बाबा. तुमचं मशीन सरळ कापाला शून्य म्हणतं. अडतीस हवं असेल तर बावन्न लावायला हवं."

काहीतरीच, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण मशीन तेव्हा नवंकोरं होतं, जिना हे त्यावरचं पहिलंच काम. त्यानंतर जिना म्हणून त्यानं हाती घेतला नाही. कापल्या त्या फक्त चौकटी, पंचेचाळीसच्या. नव्वदातून पंचेचाळीस गेले की उरतात पंचेचाळीसच. चूक दिसणार कुठून? आई माझ्याच हातून गेली, एवढंच त्याला कळत होतं.

"काकाला फोन लाव," तो म्हणाला.

लेकीनं लावला आणि त्याच्या हातात दिला.

"मी उलटं कापलं होतं रे," तो म्हणाला.

पलीकडून भावाचा आवाज आला.

"माहीत आहे, दादा. आई पडली त्याच दिवशी मी मोजलं होतं. तिनं शपथ घातली, म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस, तो पुन्हा करवत हातात धरायचा नाही."