कण्हेरीमागची भिंत

दाराबाहेर तीन मांजरं होती, कण्हेरीच्या दोन कुंड्या होत्या आणि एक माणूस होता. मांजरं रोजचीच. माणूस सलग दुसऱ्या दिवशी आला होता.

वेतुरियाबाई तिसऱ्या मजल्यावर पडद्याआड उभ्या होत्या. माणूस साठीचा, डोक्यावर करडी टोपी, हातात वही. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, दोन ओळी लिहायचा. मांजरांकडे बघून पुन्हा लिहायचा.

"बाई, तुमचा हेर आला!" तळमजल्यावरच्या दोब्रेंनी जिन्यातून हाक दिली.

"माझा कशाला? कुंडी तुम्ही ठेवलीत."

"आणि घर कोण विकतंय?"

ते खरं होतं. शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. बाईंना आता तीन जिने चढवत नव्हते. समुद्राकाठी, बहिणीच्या शेजारी, तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी बघून ठेवल्या होत्या. हे घर विकलं तरच त्या मिळणार होत्या. घेणारं जोडपं परगावचं होतं. बाईंनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं, सगळं दलालामार्फत चाललं होतं.

उजव्या कुंडीमागे, भिंतीवर, पूर्वी एक लाल गोल पत्रा होता. पुढच्या मोठ्या भूकंपात जे घर पडेल अशी भीती असते, त्याच्या दाराला बुखारेस्टमध्ये असा पत्रा लावतात. मग त्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही. मागच्या वसंतात दोब्रेंनी तो काढला. चार स्क्रूंची भोकं आणि एक फिकट वर्तुळ उरलं. त्याच्यापुढे कण्हेर आली. कुणी विचारलंच, तर घर बळकट करून घेतलंय असं सांगायचं, हे सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ठरवलं होतं.

आणि आता हा माणूस. पालिकेचाच असणार. बाई कठड्याला धरून खाली उतरल्या.

"काय हवंय हो तुम्हाला?"

"काही नाही. शहर बघतोय. बकाऊहून आलोय."

"शहर बघणारे वर बघतात. घुमट, नक्षी. तुम्ही सगळं खालचंच बघताय."

"वर बघून मान दुखते, बाई," तो हसून म्हणाला.

उत्तर फारच पटकन आलं. बाईंचा संशय वाढला. अशा माणसाला रस्त्यावर मोकळा सोडण्यापेक्षा डोळ्यांसमोर बसवलेला बरा.

"वर या. मुरांबा खाऊन जा."

"लांडग्याला घरात घेताय," दोब्रे दाराआडून पुटपुटले.

बाईंनी आंबट चेरीचा मुरांबा काढला, सोबत थंड पाण्याचा ग्लास ठेवला. पाहुणा हात धुवायला आत गेला. वही टेबलावर राहिली. नळाचा आवाज सुरू होताच बाईंनी ती उघडली. आत भिंतींची मापं असणार, याची त्यांना खात्री होती.

'सोमवार. ट्रामच्या थांब्यापासून दारापर्यंत २१४ पावलं. वाटेत चढ नाही. कोपऱ्यावर तीळ लावलेली पावाची कडी मिळतात, सातला गरम असतात. औषधांच्या दुकानातली बाई चिडकी आहे, पण दुकान रात्री आठपर्यंत उघडं. बागेत सोंगट्या खेळणारे सात म्हातारे, चाली सांगणारे अकरा.

'मंगळवार. लिंडनची झाडं फुललीत, तुला शिंका येतील. समोरच्या घरात कुणीतरी पियानो शिकतंय. काल चुकलं तिथंच आज चुकलं. दारातल्या तीन मांजरांपैकी काळं माणसाळलेलं आहे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत साडेअकरापर्यंत ऊन येतं. स्मारांदा, पाळणा तिथे ठेव.'

नळ केव्हाच बंद झाला होता. माणूस दारात उभा होता.

"वाचलंत?" त्यानं टोपी काढली. "माझं नाव प्रिकोप. घर घेणारी माझी मुलगी. सातवा महिना आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलंय. घर न बघताच घेतायत दोघं. म्हटलं, मी तिच्यासाठी चालून येतो."

"मग नाव का नाही सांगितलंत?"

"गिऱ्हाईक म्हटलं की सगळे गोड बोलतात. मला विकणाऱ्यांचा संशय येतो, बाई. सवयच आहे." तो खुर्चीत बसला. त्यानं चमचाभर मुरांबा तोंडात घातला, डोळे मिटले. "संशय आता गेला. अनोळखी माणसाला असा मुरांबा कोण देतं?"



"एकच विचारायचं राहिलं. दलाल म्हणाला, घर बळकट करून घेतलंय. खरं ना?"

खाली दोब्रे कुंड्यांना पाणी घालत होते. ते फरशीवर सांडल्याचा आवाज वर आला. बाईंनी रिकामा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला.

"अजून घ्या थोडा."

"घेतो. पण खरं ना?"

बाई उठल्या. खिडकीशेजारी अक्रोडाचं जुनं कपाट होतं, त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे माझ्या एकटीनं हलत नाही," त्या म्हणाल्या. "जरा हात लावा."

दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागे भिंतीत फट होती, जमिनीपासून छतापर्यंत. बाईंनी शिवणाच्या डब्यातली फूटपट्टी आणून प्रिकोपच्या हातात दिली. तो गुडघ्यांवर बसला.

जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर उंचीवर फटीची रुंदी एकोणीस मिलिमीटर भरली.