हसवा, नाहीतर भादरा

दुसराही जोक पडला.

पंचवटीतल्या किशोरच्या सलूनमध्ये पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली होती. प्लॅस्टिकच्या स्टुलांवर, वेटिंगच्या बाकावर, दोघं तर बेसिनला टेकून. एकही हसला नाही. मधल्या खुर्चीत गळ्यापर्यंत सलूनचं कापड गुंडाळून, कॉलरला माइक लावून राज बसला होता. मागे मशीन घेऊन किशोर उभा.

शोचं नावच होतं 'हसवा, नाहीतर भादरा'. लागोपाठ तीन जोक पडले की डोक्याच्या मधोमध मशीन फिरणार, तेही कंगवा न लावता. म्हणजे थेट चकोट. कल्पना शो भरवणाऱ्या वेदिकाची. याआधी तिने एक शो पिठाच्या गिरणीत केला होता आणि एक चालत्या बसमध्ये. साध्या हॉलमध्ये साधे जोक ऐकायला आता काळं कुत्रंही येत नाही, असं तिचं म्हणणं. राजने तीन आठवड्यांपूर्वी हो म्हटलं, तेव्हा नाना ठणठणीत होते.

नाना म्हणजे त्याचे वडील. परवापासून ते आयसीयूत होते आणि आई बाहेरच्या बाकावर. तिकिटं विकली गेलेली, शो मोडता येईना. "कटिंग करून येतो," असं आईला सांगून राज निघाला होता.

आता आरशात त्याला स्वतःचं कपाळ दिसत होतं आणि त्यावरचा घाम. चकोट करून आईसमोर जायचं? बाप जिवंत असताना? आणि नानांनी डोळे उघडले अन् समोर मुंडण केलेला पोरगा दिसला, तर? राजचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आज त्याला भीती वाटत होती, चांगलीच.

कापडाखाली, खिशातला मोबाइल थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

"लास्ट चान्स!" शूटिंग करता करता वेदिका ओरडली.

राजला दुसरं काही सुचेना. "आमचे नाना मी लहान असताना न्हाव्याला एकच सांगायचे, बारीक मार. न्हावी विचारायचा, किती बारीक? तर म्हणायचे, पोरगा माझाच आहे एवढं ओळखू येऊ दे, बाकी काढ."

कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. तेवढंच.

"भादरा! भादरा!" लोकांनी टाळ्यांवर ठेका धरला. हे मात्र त्यांना आवडलं होतं.

किशोरने मशीन चालू केलं, राजच्या डोक्यापर्यंत आणलं आणि थांबला. त्याचे आजोबा रामकुंडावर बसायचे, नंतर वडील. दहाव्याला आलेल्यांची डोकी करण्यात दोन पिढ्या गेलेल्या. त्या घरात एक शिस्त होती, विचारल्याशिवाय कुणाचं डोकं चकोट करायचं नाही. शो आहे हे किशोर क्षणभर विसरला.

"वडील आहेत ना?" त्याने विचारलं.

माइकवर ते सगळ्यांना ऐकू गेलं.

कापडाखाली मोबाइल तिसऱ्यांदा थरथरत होता.

"सकाळी होते," राज म्हणाला.

सलूनमध्ये हास्याचा स्फोट झाला. बेसिनला टेकलेले दोघे एकमेकांच्या अंगावर पडले. वेदिकाने लांबूनच अंगठा दाखवला.

किशोर हसला नाही. त्याने मशीन बंद केलं.

राजने कापडाखालून हात बाहेर काढला. मोबाइलवर बोट दोनदा घसरलं. एकदाचा तो कानाला लागला.

"कुठं हायेस रे? कव्हाची फोन लावतेय मी," आई म्हणाली. "आत्ताच वार्डात आणलं ह्यान्ला. घे, बोल."

मग नुसताच श्वास. आणि मग नानांचा आवाज. चिरका, पण नानांचाच.

"कुठी हाय?"

"कटिंगला, नाना."

"मंग बारीक मार म्हणा त्याला. डोक्यावर टोपलं घेऊन येऊ नको."

राजने आरशातून किशोरकडे बघितलं. "बारीक मारा," तो म्हणाला.

"अरे, वाचलास तू!" वेदिका ओरडली. "हसले सगळे!"

किशोरने ड्रॉवर उघडला, तीन नंबरचा कंगवा काढला आणि मशीनला लावला. पहिली बट राजच्या मांडीवर पडली, तशी माणसं गप्प झाली. आता हसायचं की नाही, हे त्यांना कळेना. खुर्चीत राज एकटाच हसत होता, डोळे गळत होते तरी.

फोन त्याने अजून कानालाच धरला होता. किशोरला त्या बाजूने मशीन फिरवायला अडचण होत होती. पण फोन बाजूला घे, असं तो म्हणाला नाही.